फसलेल्या प्रयोगाची नोंद





आपल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा एक गोष्ट माझ्या नजरेस पडली. ती सांगावी म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे.

हॉलमध्ये नेहमीप्रमाणे टेबले मांडली होती. थर्मोकोलचा ज्वालामुखी होता, पवनचक्की होती, रंगीत बल्बांची सूर्यमाला होती. त्यांतली काही मॉडेल्स बाजारातून तयार आणलेली आहेत हे मला कळत होते, आणि मला कळते हे मुलांनाही कळत होते. शेवटच्या टेबलावर मात्र एका मॉडेलवर ओढणी झाकलेली होती. शेजारी आठवीतली एक विद्यार्थिनी खाली मान घालून उभी होती. मी विचारले, "बेटा, हे काय आहे?" ती म्हणाली, "सर, ते चाललं नाही."

ओढणी बाजूला केली. प्लास्टिकची बाटली कापून उलटी टांगली होती. तिच्यात खडे, वाळू, कापूस आणि कोळसा यांचे थर होते. वरून गुलाबी पाणी ओतायचे आणि खाली स्वच्छ पाणी मिळवायचे, असा बेत होता. आपल्या भेस्तान-पांडेसरा भागातल्या मुलांना रंगाच्या पाण्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. अनेकांच्या घरी कोणी ना कोणी डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये कामाला आहे. त्यामुळे विषय तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून निवडला होता. पण खालच्या ग्लासातले पाणी गुलाबीच राहिले होते.

मी तिची वही मागितली. वहीत लिहिले होते, "अशा प्रकारे दूषित पाणी शुद्ध झाले." मी पुन्हा विचारले तेव्हा तिने हळूच सांगितले की तिने हा प्रयोग चार वेळा केला होता. पहिल्यांदा पाणी गुलाबी राहिले. दुसऱ्यांदा वाळू वाढवली, तरी गुलाबीच. तिसऱ्यांदा कोळसा कुटून घातला, तर पाणी चक्क काळे झाले. चौथ्यांदा कोळसा धुऊन घेतला, तेव्हा काळेपणा गेला आणि गुलाबी रंग थोडा फिका झाला. या चारांपैकी एकाचीही नोंद वहीत नव्हती. होते ते फक्त पुस्तकातले वाक्य.

मित्रांनो, त्या चार न लिहिलेल्या ओळींत एका धड्याइतके विज्ञान होते. वाळू पाण्यातला गढूळपणा अडवते, कारण मातीचे कण पाण्यात नुसते तरंगत असतात. रंग मात्र पाण्यात विरघळलेला असतो. त्याचे कण इतके बारीक असतात की वाळूच्या फटींतून ते सहज निघून जातात. म्हणून वाळू दुप्पट करूनही उपयोग झाला नाही. कोळशाचे काम वेगळे आहे. त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर रंगाचे कण चिकटून बसतात. पण चुलीतल्या साध्या कोळशात ही ताकद कमी असते. खऱ्या गाळणीत खास प्रक्रिया केलेला कोळसा वापरतात आणि पाणी त्याच्या सहवासात पुरेसा वेळ ठेवतात. तिचे पाणी एका मिनिटात खाली उतरत होते. याशिवाय, पाणी काचेसारखे दिसले तरी त्यातले जंतू गेले असे होत नाही, म्हणून ते पिण्यालायक ठरत नाही. म्हणजे "शुद्ध झाले" हे वाक्य प्रयोग यशस्वी झाला असता तरीही पूर्ण खरे ठरले नसते.

मला त्या मुलीला रागवता आले नाही. कारण असे खोटे वाक्य लिहायला मुलांना कोण शिकवते, हे मला पक्के ठाऊक आहे. मीच शिकवले आहे.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका शाळेत नवा नवा विज्ञान शिक्षक होतो. प्रयोगशाळेत साध्या लंबकाचा प्रयोग चालू होता. दोऱ्याला गोळा बांधायचा, झोके मोजायचे, वेळ मोजायची आणि गणित करून गुरुत्वीय त्वरण काढायचे. उत्तर 9.8 च्या आसपास यायला हवे. एका मुलाचे उत्तर 9.4 आले. त्याने तीन वेळा केले, तीनही वेळा तेवढेच. मी घाईत होतो. म्हणालो, "9.8 लिही आणि सही घेऊन जा." त्याने खोडरबरने आकडा पुसला, नवा लिहिला, मी सही केली.

संध्याकाळी सामान आवरताना मी सहज त्याचा लंबक मोजला. त्याने दोऱ्याची लांबी फक्त हुकापर्यंत मोजली होती. ती गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. पन्नास सेंटिमीटरऐवजी त्याने अठ्ठेचाळीस धरले होते. दोन सेंटिमीटर कमी, म्हणून उत्तरही तेवढ्याच प्रमाणात कमी. म्हणजे त्या मुलाचे मोजमाप अगदी इमानदार होते आणि चूक नेमकी कुठे आहे ते 9.4 हा आकडा स्वतः बोलून दाखवत होता. मी तो आकडाच पुसायला लावला. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून सांगायला हवे होते, तेही राहून गेले. त्यानंतर वर्षभर त्या मुलाचे एकही उत्तर चुकले नाही. तो आधी पुस्तकात पाहायचा आणि मग लिहायचा.

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी घरची भाषा असली तरी शाळेची मराठी मी नोकरीत आल्यावर शिकलो. तेव्हा एक शब्द मला खटकला होता. हिंदीत ज्याला आम्ही 'असफलता' म्हणत होतो, त्याला मराठीत 'अपयश' म्हणतात. आता हिंदीत अपयश म्हणजे बदनामी! असफलता म्हणजे फळ लागले नाही एवढेच. झाडाला या वर्षी फळ लागले नाही, तर शेतकरी पाणी पाहतो, खत पाहतो, कीड पाहतो. झाडाची बदनामी करत नाही. शब्दांना मी काही दोष देत नाही. पण आपल्या घरांत आणि वर्गांत मुलाचा प्रयोग फसला की आपण त्याकडे फळ न लागलेल्या झाडासारखे पाहतो की बदनामीसारखे, हे प्रत्येकाने मनाशी तपासावे. ती ओढणी बदनामीवर झाकलेली होती.

फसलेल्या प्रयोगांचा विषय निघाला की एडिसनच्या दिव्याची गोष्ट प्रत्येक भाषणात येते. आज मी आपल्या मराठी माणसाची गोष्ट सांगतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 चा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेले. तिथे लक्षात आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने रस्ता तिथेच संपला. पण यंत्रांची रेखाचित्रे काढायला रंग लागत नाहीत, रेघ आणि माप लागते. ते त्यांनी शिकून घेतले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी केली. बेळगावला भावाबरोबर सायकलींचा धंदा केला. पुढे नोकरी सोडून ते बेळगावला आले आणि कडबा कापण्याची यंत्रे बनवू लागले. त्यानंतर त्यांनी हातात घेतला लोखंडी नांगर.

नांगर दिसायला सोपा वाटतो. पण त्याचा फाळ मऊ असला तर लवकर झिजतो आणि फार कडक असला तर दगडावर आपटून तुटतो. ओतकामात लोखंडाचा हा मेळ जमवावा लागतो. एवढे करून नांगर तयार झाले, तर घ्यायला कोणी येईना. लोखंडाने जमिनीत विष पसरते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर चाललेला. जमीन हीच त्यांची सगळी पुंजी, ती एका नव्या वस्तूच्या भरवशावर कशी सोडायची? पहिले नांगर विकले जायला जवळजवळ दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत गावातले लोक काय बोलले असतील, याची कल्पना आपण करू शकतो.

पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची जागा दिली. निवडुंगाचे माळरान होते ते. तिथे 1910 साली कारखाना आणि वसाहत उभी राहिली. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. स्टेशनाचे नावही पुढे किर्लोस्करवाडी झाले. ज्या नांगराला दोन वर्षे गिऱ्हाईक नव्हते, तोच नांगर महाराष्ट्रभर गेला.

या गोष्टीत मला जिद्दीपेक्षाही एक गोष्ट मोठी वाटते. नांगर विकला जात नाही म्हणजे नांगर वाईट, असे लक्ष्मणरावांनी धरले नाही. आणि शेतकरी अडाणी, असे म्हणून ते मोकळेही झाले नाहीत. नेमके काय अडते आहे, लोखंड की विश्वास, हे ओळखावे लागते. लोखंड अडले तर ओतकाम बदलायचे. विश्वास अडला तर धीर धरायचा, कारण नांगर दुकानाच्या फळीवर पटत नाही, शेतात चालल्यावर पटतो.

आता पालक म्हणतील, "सर, हे मोठ्या लोकांचे ठीक आहे. आम्हाला दोन वर्षे थांबणे परवडेल का?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्यापैकी बरेच जण धुळे, नंदुरबार, जळगावकडून पोटासाठी इथे आले आणि इथलेच झाले. लूमच्या खात्यात पाळी भरली तरच पगार. अशा घरातल्या मुलाला 'अपयश ही यशाची पहिली पायरी' म्हणून सांगणे फार सोपे आहे. पायरीचा खर्च कोण भरणार, हेही सांगायला पाहिजे.

म्हणून दुसरी गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. जमीन जेमतेम दीड एकर, शिक्षण तिसरीपर्यंत. 1983 साली त्यांना आपल्या धानाच्या शेतात काही लोंब्या इतरांपेक्षा वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढून जपल्या, पुढच्या हंगामात शेताच्या एका लहानशा तुकड्यात वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करत राहिले. त्यातून बारीक दाण्याचे, चवदार तांदळाचे वाण मिळाले. त्या काळी एचएमटी घड्याळांचे मोठे नाव होते, म्हणून धानालाही तेच नाव पडले. आज 'एचएमटी तांदूळ' दुकानात कोणीही मागतो. दादाजी 2018 मध्ये वारले. त्यांनी सगळे शेत पणाला लावले नव्हते. ते वाण चांगले निघाले नसते, तर नुकसान झाले असते एका लहान तुकड्यातल्या धानाचे. घरची भाकरी सुरक्षित ठेवून प्रयोग करता येतो, तो असा.

तिसरी गोष्ट तर आपल्या घरातलीच आहे. लूमवर ताण्याचा धागा तुटला तर काय होते, हे आपल्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. धागा तुटूनही मशीन चालत राहिले, तर मीटरच्या मीटर कापडात दोष उतरतो आणि ते कापड सेकंडमध्ये जाते. मशीन लगेच थांबले, तर कारागीर गाठ मारतो आणि काम पुढे चालू होते. म्हणून चांगल्या लूमवर प्रत्येक उभ्या धाग्याला एक पातळ पत्ती असते. धागा तुटला की पत्ती खाली पडते आणि मशीन आपोआप थांबते. जपानमध्ये साकिची टोयोडा नावाचा सुताराचा मुलगा होता. धागा तुटला की थांबणारा लूम बनवण्यासाठी त्याने आयुष्य खर्च केले. 1924 साली त्याचा स्वयंचलित लूम पूर्ण झाला. त्या कमाईच्या आधारावर पुढे त्याच्या मुलाने मोटारी बनवायला घेतल्या. रस्त्यावर दिसणारी टोयोटा गाडी मुळात विणकराच्या घरून आली आहे.

या लूममध्ये शहाणपण असे की तुटलेला धागा तो लपवत नाही, ताबडतोब दाखवतो. आमच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या मात्र बिनपत्तीच्या लूमसारख्या आहेत. धागा आठवीत तुटतो, कापड बारावीपर्यंत विणले जाते आणि दोष दिसतो तो नोकरीच्या मुलाखतीत.

विश्वस्त मंडळासाठी आणखी एक प्रसंग. 10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-3 या रॉकेटचे पहिले उड्डाण झाले आणि रॉकेट समुद्रात कोसळले. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. त्या दिवशी पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन स्वतः गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्यावर घेतली. मग चूक शोधली गेली, दुरुस्ती झाली आणि 18 जुलै 1980 रोजी त्याच रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्या दिवशी पत्रकारांसमोर बोलायला धवन यांनी कलामांना पुढे केले. कलाम हा प्रसंग आयुष्यभर सांगत राहिले. 2019 मध्ये चांद्रयान-2 चा लँडर चंद्रावर कोसळला, तेव्हाही कारणे शोधली गेली आणि 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 अलगद उतरले. फसलेल्या प्रयोगाचा भार वरच्या माणसाने उचलला, तर खालचा माणूस पुन्हा प्रयोग करायला धजतो. तो भार खाली ढकलला, तर खालचा माणूस ओढणी झाकायला शिकतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. प्रत्येक चूक म्हणजे प्रयोग नव्हे. अभ्यास न करता नापास होणे हा प्रयोग नाही. विजेच्या उघड्या तारेला हात लावून पाहणे, दोन अनोळखी रसायने एकत्र ओतणे, चालू मशीनच्या पट्ट्याजवळ जाणे, हा हलगर्जीपणा आहे आणि त्याची किंमत बोटाने किंवा जिवाने भरावी लागते. प्रयोगात आधी अंदाज असतो, सोबत मोठ्यांची देखरेख असते, एका वेळी एकच गोष्ट बदललेली असते आणि शेवटी खरी नोंद असते. त्या मुलीने आधी फक्त वाळू वाढवली, मग फक्त कोळसा धुतला. नकळत ती अगदी शास्त्रशुद्ध रीतीने काम करत होती. फक्त नोंद राहिली.

म्हणून नव्या सत्रापासून शाळेत काही गोष्टी सुरू करण्याचे ठरवले आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत जे मोजले तेच पेनाने लिहायचे, खोडरबर वापरायचा नाही. उत्तर पुस्तकाशी जुळले नाही तर खाली 'का जुळले नसेल' असे दोन ओळींत लिहायचे. या दोन ओळींना आकड्याइतकेच गुण मिळतील. शिक्षक बंधू-भगिनींशी यावर बोलणे झाले आहे. प्रदर्शनात एक टेबल 'अजून न जमलेले प्रयोग' यासाठी राखून ठेवले जाईल. तयार विकत आणलेले मॉडेल यापुढे स्पर्धेत धरले जाणार नाही.

विश्वस्त मंडळाला विनंती आहे की प्रयोगशाळेच्या खर्चात थोडी रक्कम अशी ठेवावी, जिचा हिशोब चोख दिला जाईल, पण 'निष्पन्न काय झाले' असे जिच्याबद्दल विचारले जाणार नाही. फुटलेल्या परीक्षानळीचे पैसे मुलाच्या घरून मागवण्याची पद्धतही आपण बंद करावी. जिथे काच फुटण्याची भीती असते, तिथे मुले उपकरणाला हात लावत नाहीत आणि आपल्या कपाटांतली उपकरणे वर्षानुवर्षे नवीच्या नवी राहतात.

पालकांकडे माझे मागणे अगदी लहान आहे. संध्याकाळी मुलाला "किती मार्क मिळाले?" असे विचारता तसेच कधीतरी "आज काय करून पाहिलेस आणि काय जमले नाही?" असेही विचारा. उत्तर ऐकून रागावू नका. कारखान्यात तुमचे स्वतःचे काही जमले नव्हते आणि मग कसे जमले, ते त्याला सांगा. तो धडा मला शिकवता येणार नाही, तुम्हालाच येईल.

शेवटी त्या मुलीचे सांगतो. प्रदर्शन संपल्यावर मी तिला नवी वही दिली आणि चारही प्रयत्न तारीखवार लिहायला सांगितले. पंधरा दिवसांनी ती पाचव्या प्रयत्नाची नोंद घेऊन आली. या वेळी तिने बाटलीच्या तोंडाला छोटे छिद्र ठेवले होते, म्हणजे पाणी कोळशात जास्त वेळ राहावे. वहीत शेवटी लिहिले होते, "पाणी अजून गुलाबी आहे, पण चौथ्या वेळेपेक्षा फिके. पुढच्या वेळी कोळशाचा थर दुप्पट करणार."

या वाक्याखाली मी सही केली. गेल्या तीस वर्षांत केलेल्या सह्यांपैकी ही एक मला लक्षात राहील.

आपला,
आचार्य